कामगारांतला वर्णभेद : ए. फिलिप रॅन्डॉल्फ यांची झुंज

कामगार सगळे एक, असं आपण मोर्चात ओरडतो. पण मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. अमेरिकेत तसाच प्रश्न आयुष्यभर विचारणारे काळे पुढारी म्हणजे ए. फिलिप रॅन्डॉल्फ.

त्यांचा जन्म १५ एप्रिल १८८९ रोजी फ्लोरिडातील क्रेसेंट सिटी येथे झाला. वडील धर्मोपदेशक, पण पोटासाठी शिंपीकामही करीत. १९११ साली ते न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले. दोन वर्षांनी बाबासाहेबही शिकायला त्याच शहरात गेले.

१९२५ मध्ये रॅन्डॉल्फनी पुलमन कंपनीच्या रेल्वेडब्यांतील काळ्या पोर्टरांची युनियन बांधली. बिछाने घालायचे, बूट पुसायचे, बक्षिशीवर जगायचं. प्रवासी सगळ्यांना मालकाच्या नावाने ‘जॉर्ज’ म्हणूनच हाक मारीत. बारा वर्षं झगडून १९३७ साली करार झाला.

पण मालकाशी लढणं सोपं, आपल्याच माणसांशी अवघड. बॉयलर, मशीन, रेल्वे इंजिन अशा कसबी कामांच्या कित्येक युनियन काळ्यांना सभासदच करीत नसत. काही तर वेगळी शाखा काढून नुसती वर्गणी घेत. १९४१ साली रॅन्डॉल्फनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा २५ जूनला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील भेदभावाला बंदी घातली. १९५९ च्या कामगार महासंघाच्या अधिवेशनात त्यांनी भेदभाव करणाऱ्या युनियनांवर कारवाई मागितली. महासंघाचे अध्यक्ष जॉर्ज मीनी भर सभेत संतापले. १९६१ मध्ये महासंघाने उलट रॅन्डॉल्फनाच दोष दिला. तरी ते संघटना सोडून गेले नाहीत. आत राहूनच भांडले.

२८ ऑगस्ट १९६३ च्या अडीच लाखांच्या वॉशिंग्टन मोर्चाचे प्रमुख तेच. मागणी काय? नोकऱ्या आणि स्वातंत्र्य. १९६५ मध्ये त्यांच्या नावाने निघालेल्या संस्थेने पुढे काळ्या पोरांना बांधकाम धंद्यांतील उमेदवारीच्या परीक्षांसाठी तयार करण्याच्या कामाला हात दिला. नुसतं दार उघडून भागत नाही, आत जायला शिक्षण लागतं!

१६ मे १९७९ रोजी ते वारले. बंधू-भगिनींनो, युनियनमध्ये जरूर जा. पण स्वाभिमान दाराबाहेर ठेवून जाऊ नका. या लढवय्याला विनम्र अभिवादन! जयभीम!