पीटर कूपर : शाळेला पारखा झालेला शिक्षणदाता

अमेरिकेतील एकोणिसाव्या शतकातील अग्रगण्य उद्योजक आणि राजकारणी पीटर कूपर यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७९१ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. वडिलांचा व्यवसाय टोप्या बनविण्याचा होता. घरच्या ओढगस्तीमुळे कूपर यांना जेमतेम एक वर्ष शाळेत जाता आले. १७व्या वर्षी ते घोडागाड्या बनविणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागले. दिवसभर राबणाऱ्या तरुणाला संध्याकाळी शिकता येईल अशी सोय शहरात नाही, ही खंत त्यांना आयुष्यभर राहिली.

सरसाच्या कारखान्याने त्यांना संपत्ती मिळवून दिली. पुढे ते लोखंडाच्या उद्योगात उतरले. १८३० मध्ये बाल्टिमोर येथील लोहमार्गावर त्यांनी ‘टॉम थंब’ हे वाफेचे छोटे इंजिन धावून दाखविले. त्याच्या बाष्पकासाठी बंदुकीच्या नळ्या वापरल्या होत्या. अटलांटिक महासागरातून तारेची केबल टाकण्याच्या प्रकल्पालाही त्यांनी आर्थिक बळ दिले. १८५८ ची केबल काही आठवड्यांतच बंद पडली. कायमस्वरूपी दळणवळण १८६६ मध्ये सुरू झाले.

१८५९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘कूपर युनियन’ ही संस्था उघडली. कामगारांना रात्रीच्या वर्गांत विज्ञान व कला यांचे विनामूल्य शिक्षण मिळू लागले. स्त्रियांनाही प्रवेश होता. याच संस्थेच्या सभागृहात २७ फेब्रुवारी १८६० रोजी अब्राहम लिंकन यांनी गुलामगिरीच्या विस्ताराविरुद्ध केलेले भाषण त्यांना राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीपर्यंत नेणारे ठरले.

१८७३ च्या आर्थिक मंदीने शेतकरी व कामगार कर्जबाजारी झाले होते. सोन्याशी जखडलेल्या चलनामुळे त्यांचे ओझे वाढते, अशी कूपर यांची धारणा होती. सरकारी कागदी चलनाचा पुरस्कार करणाऱ्या ग्रीनबॅक पक्षातर्फे त्यांनी १८७६ मध्ये, वयाच्या ८५व्या वर्षी, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढविली. त्यांना सुमारे एक टक्का मते मिळाली.

४ एप्रिल १८८३ रोजी, ९२व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या संस्थेत शतकाहून अधिक काळ चालत आलेली संपूर्ण शुल्कमाफी आर्थिक अडचणींमुळे २०१४ मध्ये थांबली. त्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी आंदोलन केले, तेव्हा आधार घेतला तो कूपर यांच्या मूळ हेतूचाच. २०१८ मध्ये विश्वस्तांनी ही माफी टप्प्याटप्प्याने पूर्ववत करण्याची योजना मंजूर केली.