शेरलॉक होम्सचा जनक

पावसाळ्यात मारेगावच्या शेतांतून कोणी चालत आले, तर त्याच्या पायांना काळी चिकट माती लागलेली असते. मुरमाच्या रस्त्याने आले, तर तांबूस खडे चिकटतात. घरातील जाणती माणसे पाय पाहूनच सांगतात, की हा कोणत्या वाटेने आला. अशा लहानसहान खुणा आपण रोज पाहतो आणि विसरून जातो. पण एका माणसाने अशाच खुणांवर जगप्रसिद्ध गोष्टी लिहिल्या. पुढे अशाच खुणांच्या आधारे त्याने एका निरपराध तरुणासाठी न्याय मागितला. त्या तरुणाचे वडील मूळचे आपल्या मुंबईचे होते. हा लेखक म्हणजे सर आर्थर कॉनन डॉइल. शेरलॉक होम्स हा गुप्तहेर त्यांच्याच लेखणीतून जन्माला आला.

आर्थर यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात झाला. वडील चित्रकार होते, पण दारूच्या व्यसनामुळे घरात नेहमी पैशांची ओढाताण असे. आई मात्र मोठी धीराची होती. ती मुलांना रंगवून रंगवून गोष्टी सांगे. गोष्टींची गोडी आर्थर यांना आईमुळेच लागली. नातेवाइकांच्या मदतीने त्यांचे शालेय शिक्षण झाले. १८७६ साली त्यांनी एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला.

तेथे त्यांना जोसेफ बेल नावाचे शिक्षक लाभले. डॉ. बेल रोग्याने तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्याविषयी पुष्कळ काही ओळखत. एकदा एक रोगी आत आला. तो नम्रपणे वागत होता, पण त्याने डोक्यावरची टोपी काढली नाही. त्याला हत्तीरोग झाला होता. डॉ. बेल यांनी ओळखले, की हा माणूस नुकताच सैन्यातून सुटला आहे आणि वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर राहून आला आहे. सैनिक टोपी काढत नाहीत आणि त्याला झालेला हत्तीरोग त्या बेटांवर आढळतो, एवढ्यावरून त्यांनी हा अंदाज बांधला होता. तो खरा निघाला. विद्यार्थी थक्क झाले. पाहणे वेगळे आणि नीट निरखणे वेगळे, हा धडा आर्थर यांनी तेथे घेतला.

शिकत असतानाच, १८८० साली, ते देवमाशांची शिकार करणाऱ्या एका जहाजावर डॉक्टर म्हणून उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ समुद्रात जाऊन आले. १८८२ साली त्यांनी पोर्ट्‌समथ शहरात दवाखाना उघडला. सुरुवातीला रोगी फारसे येत नसत. रिकाम्या वेळात डॉक्टर कथा लिहीत बसत. १८८६ साली त्यांनी एक गुप्तहेरकथा लिहिली. काही प्रकाशकांनी ती परत पाठवली. शेवटी एकाने सर्व हक्कांसह अवघ्या २५ पौंडांना ती विकत घेतली. १८८७ साली ती छापली गेली. शेरलॉक होम्स आणि त्याचा मित्र डॉ. वॉटसन यांची ती पहिली कथा होती. होम्सची नजर डॉ. बेल यांच्यावरून घेतलेली होती.

१८९१ पासून लंडनच्या स्ट्रँड मासिकात होम्सच्या कथा येऊ लागल्या आणि वाचक त्यांच्यासाठी वेडे झाले. लेखकाला मात्र आपल्या नायकाचा कंटाळा येऊ लागला. त्यांना ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. म्हणून १८९३ साली एका कथेत त्यांनी होम्सला धबधब्याच्या कड्यावरून खाली पाडले आणि त्याचा शेवट केला. वाचक संतापले. अनेकांनी मासिक घेणे बंद केले. अखेर १९०३ साली लेखकाला होम्सला परत आणावे लागले. होम्सच्या एकूण ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या आहेत.

१९०६ साली आर्थर यांची पत्नी वारली. ते दुःखात बुडाले होते. अशा वेळी त्यांच्याकडे एका अनोळखी तरुणाची हकिकत आली. त्याचे नाव जॉर्ज एदलजी. त्याचे वडील शापुरजी एदलजी मुंबईच्या पारशी घराण्यात जन्मले होते. पुढे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि इंग्लंडमधील ग्रेट वर्ली या गावी ते धर्मगुरू झाले. आई इंग्रज होती. जॉर्ज स्वतः वकील होता. गोऱ्यांच्या गावात हे कुटुंब काही जणांच्या डोळ्यांत खुपत होते. त्यांना वर्षानुवर्षे निनावी पत्रे येत असत.

१९०३ साली त्या भागात कोणीतरी रात्रीच्या वेळी घोडे व गुरे यांना शस्त्राने जखमी करू लागले. ऑगस्ट महिन्यात एक तट्टू जखमी झाले आणि पोलिसांनी जॉर्जला पकडले. त्या रात्री तो वडिलांच्याच खोलीत झोपला होता आणि दाराला आतून कुलूप होते. तरीही त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. तो तुरुंगात असतानाही जनावरांवर हल्ले होतच होते. सुमारे १०,००० लोकांनी सह्या करून सरकारकडे दाद मागितली. तीन वर्षांनी त्याला सोडले, पण निर्दोष ठरवले नाही. कपाळावर गुन्ह्याचा शिक्का तसाच राहिला. त्याला वकिलीही करता येईना.

१९०७ च्या जानेवारीत लंडनच्या एका हॉटेलात दोघांची भेट ठरली. आर्थर यांना यायला थोडा उशीर झाला. जॉर्ज वर्तमानपत्र वाचत बसला होता. आर्थर पुढे न जाता क्षणभर दुरूनच पाहत राहिले. जॉर्जने कागद अगदी डोळ्यांजवळ आणि थोडा तिरपा धरला होता. आर्थर यांनी डोळ्यांच्या रोगांचा खास अभ्यास केला होता. त्यांनी तत्काळ ओळखले, की या तरुणाची दृष्टी फार अधू आहे. ज्याला दिवसा समोरचे माणूस धड दिसत नाही, तो अंधाऱ्या रात्री लोहमार्ग आणि कुंपणे ओलांडून अर्धा मैल दूरच्या शेतात जाईल कसा?

मग आर्थर स्वतः त्या गावी गेले. ती वाट त्यांनी पायांखाली घातली. पोलिसांनी पुरावा म्हणून दाखवलेल्या बुटांवर काळा चिखल होता. शेतातील माती मात्र पिवळसर तांबडी आणि वाळूमिश्रित होती. बूट त्या शेतात गेलेच नव्हते, असे त्यांनी दाखवून दिले. हे सारे त्यांनी वर्तमानपत्रात सविस्तर लिहिले. देशभर खळबळ उडाली. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मे १९०७ मध्ये जॉर्जला गुन्ह्यातून मुक्त केले. मात्र निनावी पत्रे त्यानेच लिहिली, असे म्हणून सरकारने त्याला नुकसानभरपाई नाकारली. हा अर्धाच न्याय आहे, याचे आर्थर यांना फार वाईट वाटले. त्याच वर्षी जॉर्जला वकिली करण्याचा हक्क परत मिळाला. अशा प्रकरणांमुळे इंग्लंडमध्ये फौजदारी शिक्षेविरुद्ध दाद मागण्यासाठी स्वतंत्र न्यायालय असावे, असा कायदा १९०७ सालीच झाला. पुढे ऑस्कर स्लेटर नावाच्या आणखी एका निरपराध माणसासाठीही आर्थर अनेक वर्षे झगडले. त्याची शिक्षा १९२८ साली रद्द झाली.

एवढ्या डोळस माणसाकडूनही चुका झाल्या. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांचा मुलगा गेला आणि युद्ध संपल्यावर थोड्याच दिवसांत भाऊही गेला. मेलेल्यांशी बोलता येते, यावर त्यांचा विश्वास आधीपासूनच होता. तो आता अधिकच दृढ झाला. दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची बनावट छायाचित्रेही त्यांनी खरी मानली. मनाला जे हवे असते, ते तपासून पाहायला मन तयार होत नाही. यातूनही आपण शिकण्यासारखे आहे. ७ जुलै १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

होम्सच्या कथा आज जगातील अनेक भाषांत वाचल्या जातात. भालबा केळकर यांनी त्या मराठीत आणल्या. बाबुराव अर्नाळकरांनी झुंजार आणि काळा पहाड हे नायक घेऊन हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे तर तुमच्याच वयाचा आहे. उर्दूत इब्ने सफी यांनी १९५२ साली जासूसी दुनिया ही मालिका सुरू केली. त्यातील कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद, तसेच नंतरच्या मालिकेतील इमरान, तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या ओळखीचे असतील. त्यांना जरूर विचारा.

विद्यार्थी मित्रांनो, या गोष्टी अवश्य वाचा. पण चोर कोण, एवढेच शोधून थांबू नका. सगळे गाव एखाद्याकडे बोट दाखवत असेल, तेव्हा त्याच्या बुटांवरची माती कोणती आहे, हे आधी पाहायला शिका.

स्वाध्याय

१. डॉ. बेल यांनी रोग्याविषयी कोणता अंदाज बांधला? तो कशावरून?
२. जॉर्ज एदलजीची दृष्टी अधू आहे, हे आर्थर यांनी कसे ओळखले?
३. बुटांवरील चिखलावरून कोणती गोष्ट सिद्ध झाली?
४. पुरावा न पाहता एखाद्याला दोष दिल्याचा प्रसंग तुम्ही पाहिला आहे का? त्याविषयी पाच-सहा वाक्ये लिहा.