डार्विनचे उस्ताद : रॉबर्ट ग्रँट

दहावीच्या वर्गात डार्विनचं नाव निघालं की बरेच हात वर होतात. पण डार्विनला शिकवलं कुणी, असं विचारलं की वर्ग गप्प! खरं सांगायचं तर अनेक वर्षं आम्हालाही हे माहीत नव्हतं. उत्क्रांतीच्या मुद्द्यावर आपल्या घराघरांत मतं वेगवेगळी असतील, आज तो विषय नाही. आज बोलायचं आहे ते एका उस्तादाबद्दल.

रॉबर्ट एडमंड ग्रँट यांचा जन्म 11 नोव्हेंबर 1793 रोजी स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात झाला. वडील कायद्याच्या पेशातले, घरात 14 मुलं. एडिनबरा विद्यापीठातून 1814 साली ते डॉक्टर झाले. वडिलांच्या मागे जो पैसा वाट्याला आला, त्यातून दवाखाना थाटता आला असता. ग्रँट यांनी तो शिकण्यावर खर्च केला. 1815 मध्ये ते पॅरिसला गेले, मग युरोपात फिरले. प्राण्यांच्या जाती कायम एकसारख्या राहत नाहीत, काळाबरोबर बदलतात, हा विचार तिथल्या विद्वानांच्या सहवासात त्यांच्या मनात पक्का झाला. त्या काळी ब्रिटनमध्ये हे बोलणं म्हणजे बदनामी ओढवून घेणं होतं.

1820 मध्ये परतल्यावर ते समुद्रकिनाऱ्यावरच रमले. एडिनबराजवळ प्रेस्टनपॅन्स नावाचं गाव आहे. तिथे खडकांमधल्या डबक्यांतून ते स्पंज गोळा करायचे. स्पंज ही वनस्पती की प्राणी, याचा निकाल तेव्हा लागलेला नव्हता. ग्रँट यांनी जिवंत स्पंज पाण्यात ठेवून भिंगाखाली तासन् तास पाहिला. पाणी बारीक छिद्रांतून आत जातं आणि मोठ्या तोंडातून बाहेर पडतं, हे त्यांनी दाखवून दिलं. स्पंज प्राणीच आहे, हे सिद्ध करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आपल्या मुलांच्या पुस्तकात रंध्रीय प्राणीसंघ असतो ना, त्याचं पोरिफेरा हे शास्त्रीय नाव ग्रँट यांनीच दिलेलं.

याच काळात चार्ल्स डार्विन डॉक्टरी शिकायला एडिनबराला आला. डॉक्टरीत त्याचं मन लागेना. ग्रँट त्याला किनाऱ्यावर घेऊन जायचे, समुद्री जीव कसे चिरायचे, भिंगाखाली काय पाहायचं, हे शिकवायचे. कोवळ्या वयाच्या शागिर्दाला असा उस्ताद मिळणं ही नशिबाची गोष्ट.

पण इथेच एक सल आहे. समुद्री चटईसारख्या दिसणाऱ्या फ्लस्ट्रा या जीवाची अंडी समजली जाणारी पिल्लं स्वतः पोहतात, हे डार्विनच्या लक्षात आलं. त्याने हे हौसेने गुरूंना सांगितलं. ग्रँट स्वतः या जीवावर आधीपासून काम करत होते. 24 मार्च 1827 रोजी त्यांनी एका विद्वत्सभेत ही बाब मांडून टाकली. तीन दिवसांनी डार्विनने विद्यार्थ्यांच्या सभेत आपला शोध वाचला, पण तोवर त्यातली नवलाई गेली होती. डार्विनच्या दुसऱ्या एका निरीक्षणाचं श्रेय ग्रँट यांनी लेखात नाव घेऊन दिलं, हेही खरं. तरी ही जखम राहिली. पुढे दोघांत तशी जवळीक उरली नाही. विद्यार्थ्याचं काम ही शिक्षकाकडे ठेवलेली अमानत असते. त्या दिवशी ग्रँट चुकले, असंच आम्हाला वाटतं.

त्याच वर्षी लंडनमध्ये नव्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. आज ते युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन म्हणून ओळखलं जातं. तेव्हा ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची पदवी फक्त इंग्लंडच्या अधिकृत चर्चला मानणाऱ्यांनाच मिळायची. कॅथलिक, ज्यू आणि बाकीच्यांसाठी दार बंद. नव्या विद्यापीठाने धर्माची अट ठेवलीच नाही. शिकायचं आहे? या! ग्रँट यांना शोभेल अशीच ही जागा होती.

1828 मध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा दाखवायला नमुनेसुद्धा नव्हते. ग्रँट यांनी हाडं, सांगाडे, बाटल्यांतले जीव एकेक करून जमवले. वर्षाला सुमारे 200 व्याख्यानं द्यायची, एकही चुकवायचं नाही, अशी त्यांची ख्याती होती. 1836 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

मान मिळाला, पण पोटाची भ्रांत सुटली नाही. कमाई मुख्यतः विद्यार्थ्यांच्या फीवर होती आणि डॉक्टर होण्यासाठी प्राणिशास्त्र सक्तीचं नसल्याने वर्गात मुलं थोडी. त्यातच 1835 मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यकारिणीतून मतदानाने त्यांना बाहेर केलं गेलं. रिचर्ड ओवेन हे तिथले बडे प्रस्थ ग्रँट यांच्या विचारांचे कट्टर विरोधक होते. प्राणिसंग्रहालयात मेलेले जनावर अभ्यासासाठी मिळण्याची वाटही त्यामुळे अडली. हळूहळू संशोधन थांबलं. गरीब वस्तीतल्या घरात ते एकटेच राहायचे, लग्न केलं नव्हतं. शेवटी मित्रांनीच त्यांच्यासाठी वर्षाला 50 पौंडांची सोय केली.

लंडनला गेल्यावर ग्रँट यांनी विज्ञानात फारसं काही का केलं नाही, याचा उलगडा आपल्याला कधी झाला नाही, असं डार्विनने उतारवयात लिहून ठेवलं आहे. डार्विनच्या घरात पैशाची ददात नव्हती. ज्याने कधी फी मोजून महिना काढला नाही, त्याला हे कोडं सुटणार कसं? मात्र 1861 मध्ये आपल्या गाजलेल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत, जाती बदलतात असं आधी म्हणणाऱ्यांमध्ये त्याने ग्रँट यांचं नाव घेतलं. त्याच वर्षी ग्रँट यांनी आपलं एक पुस्तक डार्विनला अर्पण केलं. सल होता, पण कद्रही होती.

23 ऑगस्ट 1874 रोजी, वयाच्या 80 व्या वर्षी, ग्रँट वारले. शेवटपर्यंत ते प्राध्यापकच होते, तब्बल 46 वर्षं. आपली पुस्तकं आणि संग्रह ते कॉलेजला देऊन गेले. आज तिथे त्यांच्या नावाचं ग्रँट प्राणिशास्त्र संग्रहालय आहे. त्यात सुमारे 68 हजार नमुने आहेत, नामशेष झालेल्या क्वागाचा सांगाडासुद्धा. आत जायला पैसे पडत नाहीत.

शागिर्दाचं नाव जगभर झालं, उस्तादाचं मागे पडलं. पण ज्या वर्गात त्यांना पोटापुरती फी मिळाली नाही, तिथे आजही मुलं त्यांनी सुरू केलेल्या संग्रहावर शिकतात. आता आमच्या वर्गात डार्विनचा धडा येतो तेव्हा आम्ही आधी फळ्यावर ग्रँट यांचं नाव लिहितो.