महात्मा गांधी आणि ससूनमधली ती रात्र



आपल्या मावळातून, लोणावळ्याहून लोकलने पुण्याला गेलात की स्टेशनजवळच ससून रुग्णालय लागतं. गांधीजींच्या चरित्रातला एक प्रसंग इथे घडला. तो मुलांना जरूर सांगा.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. तरुणपणी त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. पण शवविच्छेदन घरच्यांना पटेना, म्हणून ते बॅरिस्टर झाले. रुग्णसेवेची आवड मात्र कायम राहिली. १८९९ च्या बोअर युद्धात त्यांनी जखमींना वाहून नेणारं पथक उभारलं. गंमत बघा, १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना त्यांनी डॉक्टर आणि दवाखान्यांवर कडक टीका केली.

१९२२ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन ते येरवडा तुरुंगात गेले. जानेवारी १९२४ मध्ये त्यांचं पोट असह्य दुखू लागलं. निदान झालं अपेंडिक्सचं. १२ जानेवारीच्या रात्री ससूनमध्ये कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने शस्त्रक्रिया केली. त्याआधी गांधीजींनी संमतीपत्रावर सही केली. मग क्लोरोफॉर्म देऊन त्यांना बेशुद्ध केलं. आणि मध्येच वीज गेली! शेवटी कंदिलाच्या उजेडात काम पुरं झालं.

विचार करा, त्या काळी आजच्यासारखे मॉनिटर नव्हते. भूल देणाऱ्याने नाडी, श्वास आणि चेहऱ्याचा रंग पाहूनच अंदाज घ्यायचा. क्लोरोफॉर्म जास्त झाला तर श्वास किंवा हृदय थांबायची भीती. त्यात अंधार!

गांधीजी वाचले. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटकाही केली. पुढे मिठाचा सत्याग्रह, ‘चले जाव’ हे सगळं या रात्रीनंतरचं. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली.

आज भूलतज्ज्ञ ऑक्सिजन, रक्तदाब, हृदयाचे ठोके सतत बघत असतात. पण आपलंही काम आहेच. मुलाचं ऑपरेशन असेल तर त्याने शेवटचं कधी, काय खाल्लं ते खरं सांगा. पोटात अन्न असेल तर उलटी होऊन ते फुफ्फुसात जाऊ शकतं. ‘रडत होता म्हणून बिस्किट दिलं’ हे लपवू नका. चालू औषधं, ॲलर्जी, सर्दी-खोकला हेही सांगा. आणि गांधीजींसारखं, समजून घेऊनच सही करा.