दिलेला अधिकार आणि लिहिलेला अधिकार

धारूर तालुक्यातल्या तेलगावात ग्रामसभेला बसणाऱ्या आपल्या तरुणांनी एक फरक ध्यानात ठेवावा, असे आम्हाला वाटते. वरून सोपवलेला अधिकार वेगळा आणि संविधानात लिहिलेला अधिकार वेगळा. बाबासाहेबांनी हा फरक विद्यार्थिदशेतच हेरला होता.

बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन 1913 साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवर त्यांनी प्रबंध लिहिला. 1925 साली तो पुस्तकरूपाने आला. 1871 पासून प्रांतांना ठरावीक रक्कम, पुढे काही महसूल मिळू लागला. वरवर पाहता प्रांत स्वतंत्र वाटत. बाबासाहेबांनी दाखवले की हे सारे हिंदुस्थान सरकारने सोपवलेले होते. ज्याने दिले तो परत घेऊ शकत होता. संघराज्यात तसे नसते. तिथे केंद्र आणि राज्य, दोघांनाही अधिकार संविधानातूनच मिळतात.

1932 साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी विरोध केला. अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्व नसेल, तर गावाला दिलेली सत्ता गावातल्या बलवंतांच्याच हाती जाईल, ही त्यांची भीती होती.

संघराज्य म्हटले की सगळे चांगलेच, असेही त्यांनी मानले नाही. 1935 च्या कायद्यातल्या संघराज्यात संस्थानांचे प्रतिनिधी राजेच नेमणार होते. तेलगाव तेव्हा निजामाच्या राज्यात. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या वतीने निजामाचा माणूस बोलला असता. जानेवारी 1939 मध्ये पुण्यातल्या व्याख्यानात बाबासाहेबांनी या योजनेची चिरफाड केली.

17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा निजामाच्या जोखडातून सुटला. दीड महिन्याने, 4 नोव्हेंबरला, बाबासाहेबांनी संविधानाचा मसुदा सभेपुढे मांडला. राज्यांचे अधिकार त्यात लिहिलेले होते. केंद्र मात्र त्यांनी मजबूत ठेवले. मूलभूत हक्क आणि अस्पृश्यताबंदी प्रत्येक राज्यावर, प्रत्येक पंचायतीवर बंधनकारक केली. गावाऐवजी व्यक्ती हा संविधानाचा पाया मानला.

24 एप्रिल 1993 ला 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली. अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा संविधानातच लिहिल्या गेल्या; त्या देणे राज्याला भागच आहे. पण पंचायतीला 29 विषयांपैकी कोणते अधिकार द्यायचे आणि किती, हे विधिमंडळावर सोडले. म्हणून राखीव जागेवर आपली भगिनी सरपंच होते, तेव्हा तिची खुर्ची संविधानाची असते आणि तिच्या हातातले काम व निधी बहुतांशी मुंबईच्या मर्जीचा असतो.

आपली पुढची मागणी इथूनच सुरू व्हावी. ग्रामसभेत एखादी योजना नाकारली गेली, तर आधी विचारा: हा निर्णय कोणाच्या अधिकारातला, आणि तो अधिकार कुठे लिहिला आहे? उत्तर लेखी मागा.

जयभीम!