नागपूरच्या गिरणीमालकाच्या आगबोटी

नागपुरातून निघालेला कंटेनर रेल्वेने न्हावा-शेवा बंदरात पोहोचतो, तेव्हा त्याला नेणारे अवाढव्य जहाज स्वतःच्या बळावर धक्क्याला लागत नाही. बंदराबाहेर एक लहान लाँच जहाजाला गाठते, दोरशिडीवरून पायलट वर चढतो आणि खाडीची खोली, भरतीचा ओघ व वळणे ध्यानी घेऊन कप्तानाला मार्ग दाखवतो. धक्का जवळ आला की टग बोटी जहाजाला पुढून-मागून ओढत, रेटत अलगद जागेवर आणतात. मुंबईत १८८० साली बांधून झालेल्या प्रिन्सेस डॉकमध्ये तर भरतीची वेळ साधूनच आत-बाहेर करावे लागे. परंतु बंदरात जहाज आणण्यापेक्षा ते भरणे अधिक कठीण असते, हे नागपूरच्या एका गिरणीमालकाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठी किंमत देऊन कळले. ते होते जमशेटजी नसरवानजी टाटा.

३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे, पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या पेढीच्या कामासाठी तरुणपणीच ते हाँगकाँगला गेले होते; चीनचा व्यापार त्यांनी जवळून पाहिला होता. पुढे कापडगिरणी काढायची तर ती मुंबईत, असा त्या काळचा रिवाज होता. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडले. वऱ्हाड-नागपूरचा कापूस हाताशी होता आणि १८६७ पासून रेल्वेही आली होती. जुम्मा तलावालगतची दलदलीची जमीन भरून काढण्यावर ते पैसा ओतत असल्याचे पाहून अनेकांनी त्यांना वेड्यात काढले. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले. गिरणीचा अनुभव शून्य, पण माल कसा हलतो हे पक्के ठाऊक. ही निवडच जमशेटजींची दृष्टी सांगते.

नागपूर ते मुंबई हा ८३७ किलोमीटरचा मार्ग रेल्वेने सोडवला. खरी अडचण त्यापुढे होती. हिंदुस्थानचे सूत चीनला आणि कापूस जपानला जाई, परंतु या मार्गावर ब्रिटिश पी. अँड ओ. कंपनीचे वर्चस्व होते. एका ऑस्ट्रियन आणि एका इटालियन कंपनीशी संगनमत करून ती भाडे ठरवी. टनामागे सतरा रुपयांच्या आसपास असलेले हे भाडे गिरण्यांच्या नफ्याचा मोठा लचका तोडत होते. त्यातच पी. अँड ओ.ला टपाल नेण्यासाठी सरकारी अनुदान मिळे. म्हणजे हिंदी करदात्याच्या पैशावर पोसलेली कंपनी हिंदी व्यापाऱ्यालाच नाडत होती.

१८९३ मध्ये जमशेटजी जपानला गेले. निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीने मुंबई मार्गावर उतरण्याची तयारी दाखवली. मात्र टाटांनीही स्वतःच्या जबाबदारीवर आगबोटी चालवाव्यात, अशी तिची अट होती. जमशेटजींनी ती मान्य केली. ‘अ‍ॅनी बॅरो’ ही इंग्रजी आगबोट महिना १०५० पौंडांनी भाड्याने घेतली गेली. पाठोपाठ ‘लिंडिसफार्न’ आली. टाटा लाइनने भाडे बारा रुपयांवर आणले.

प्रतिस्पर्ध्यांनी ते दोन रुपयांच्याही खाली उतरवले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. टाटा अथवा जपानी कंपनीशी संबंध ठेवणार नाही, असे लिहून देणाऱ्यांना खास सवलती मिळू लागल्या. ‘लिंडिसफार्न’ सूत नेण्याच्या लायकीची नाही, अशी आवईही उठवण्यात आली. जमशेटजींनी या भाडेयुद्धावर पत्रक काढले, सरकारकडे दाद मागितली. उपयोग झाला नाही. सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे ज्या गिरणीमालकांसाठी हा घाट घातला होता, त्यांतीलच अनेक जण तात्पुरत्या स्वस्त भाड्याच्या मोहाने पलीकडे गेले. व्यापारी हिशेबाने त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. परंतु हे कवडीमोल भाडे टाटांच्या बोटी धावत होत्या तोवरच मिळणार होते, एवढे त्यांना कळायला हवे होते.

रिकाम्या बोटी चालवणे किती काळ परवडणार? लाखाहून अधिक रुपयांचे नुकसान सोसून जमशेटजींनी दोन्ही आगबोटी इंग्लंडला परत धाडल्या. जपानी कंपनी मात्र टिकून राहिली. १८९६ मध्ये तिने जुन्या कंपन्यांशीच समझोता केला. पुढे जमशेटजींनी पोलाद, जलविद्युत आणि विज्ञानसंस्था यांच्या योजनांना वाहून घेतले. जहाजांच्या धंद्यात ते पुन्हा पडले नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाद नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले.

५ एप्रिल १९१९ रोजी वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून इंग्लंडला निघाली, तेव्हा तिलाही परकीय कंपन्यांच्या अशाच भाडेयुद्धाला तोंड द्यावे लागले. सिंधिया कंपनी मात्र त्यातून तगली. नागपूरची एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली. तिच्या जागेवर नंतर मॉल उभा राहिला.