डॉ. पॉल एर्लिख : रंगांनी रक्त वाचणारे शास्त्रज्ञ

रक्ततपासणीच्या कागदावर न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल ही नावे आपण सर्वांनी पाहिली आहेत. अबू धाबीच्या पश्चिम किनाऱ्यावरील रुवैससारख्या तेलशुद्धीकरणाच्या गावी तर ही तपासणी फार मोलाची. खनिज तेलातील बेंझिन दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास हाडांतील मज्जेस इजा होते, आणि रक्तपेशी घडतात त्या तेथेच. ही नावे देणारे डॉ. पॉल एर्लिख यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी प्रशियातील श्ट्रेलेन गावी यहुदी कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. त्या काळी दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या बेंझिनपासून कापडाचे नवे रंग बनू लागले होते. आईकडील नातलग कार्ल वायगर्ट हे रंग सूक्ष्मदर्शकाच्या कामी वापरीत. तरुण पॉलला तोच नाद लागला. एक रंग एकाच जागी का चढतो, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

१८७८ साली लाइपझिग येथे त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहिला. काही पेशींतील कणिकांवर निळा रंग घातला असता त्या जांभळट-तांबड्या दिसत. या पेशी चांगल्या पोसलेल्या असाव्यात, असे समजून त्यांनी त्यांना 'मास्ट' पेशी म्हटले. तो तर्क पुढे टिकला नाही. पण रंग खरे बोलत होता. त्या कणिकांत हेपॅरिन हे कर्बोदक असते, हे १९३७ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखविले.

नंतर बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात त्यांनी काचेवर रक्ताचा पातळ थर सुकवून आम्लधर्मी, अल्कधर्मी व उदासीन रंग लावले. कणिका जो रंग घेत, त्यावरून पांढऱ्या पेशींच्या जाती ठरल्या. आयोडीन वापरून पांढऱ्या पेशींतील ग्लायकोजेनही त्यांनी पाहिले.

या वाटेने पुढचे लोक गेले. फ्रँकफर्टचे यहुदी रसायनज्ञ ह्यूगो शिफ यांनी १८६६ साली शोधलेले द्रावण १९४६ पासून पेशींतील कर्बोदके रंगविण्यास वापरले जाऊ लागले. मज्जेतील अगदी कोवळी पेशी हा किरमिजी रंग जेमतेम घेते. न्यूट्रोफिल पक्व होत जाते तसा तो गडद होतो. रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार ओळखण्यास याची मोठी मदत झाली. आता नवी यंत्रे आली आहेत, तरी सूक्ष्मदर्शकाखालील रंगीत काच हद्दपार झालेली नाही.

रंग जर नेमक्या जागी जाऊन बसतो, तर औषधही रोगजंतूवरच का बसू नये? या विचारातून जपानी सहकारी साहाचिरो हाता यांच्यासह १९०९ साली त्यांना उपदंशावरील '६०६' क्रमांकाचे औषध सापडले. १९०८ साली त्यांना मेचनिकोव यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले होते. मुंबईत प्लेगची लस काढणारे आपले डॉ. हाफकिन हे याच मेचनिकोव यांचे शिष्य.

त्या काळच्या जर्मनीत यहुदी माणसास पूर्ण प्राध्यापकपद मिळणे अतिशय कठीण होते. पुष्कळांनी बाप्तिस्मा घेऊन वाट मोकळी केली. एर्लिख यांनी तसे केले नाही. ते पद त्यांना मिळाले ते १९१४ साली, साठाव्या वर्षी. २० ऑगस्ट १९१५ रोजी ते निवर्तले.

पुढे नाझींनी फ्रँकफर्टमधील रस्त्यावरून त्यांचे नाव पुसले, आणि त्यांच्या पत्नी हेडविग यांना उतारवयात देश सोडावा लागला. परंतु कोणत्याही देशातील रक्ततपासणीच्या कागदावरून त्यांनी दिलेली नावे कोणाला पुसता आली नाहीत. आपल्या मुला-नातवंडांच्या हाती असा कागद आला, तर ही हकीकत त्यांना अवश्य सांगावी.